पळसवेढ्याचा अठरावा नगरसेवक

‘सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुकांत लोकसंवर्धन पक्षाने आपल्या जागांमध्ये भरीव वाढ नोंदवून जनतेचा अढळ विश्वास पुन्हा एकवार संपादन केला आहे.’

पक्षाच्या विभागीय कार्यालयाने निकालाच्या संध्याकाळी काढलेले हे निवेदन भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे. ‘भरीव’ या विशेषणाच्या पोटात काय भरले आहे, एवढेच पाहायचे उरते. मागच्या खेपेला दोन्ही जिल्ह्यांत मिळून पक्षाच्या एकोणीस जागा होत्या. या खेपेला त्या वीस झाल्या, असे निवेदनच सांगते. म्हणजे वाढ एकाची. जिथे पक्षाची सत्ता गेली, तिथे ‘मतदारांनी आत्मचिंतनाची संधी दिली’ होती. जिथे एकही जागा आली नाही, तिथे ‘लक्षणीय चंचुप्रवेश’ झाला होता. आणि जिथे झाडून सगळ्यांच्या अनामत रकमा जप्त झाल्या, त्या गावाचे नावच निवेदनात नव्हते. मौन हाही एक अलंकार आहे, हे आपल्या साहित्यशास्त्राने पुरेशा गांभीर्याने घेतलेले नाही.

ती वाढलेली एक जागा पळसवेढे नगरपंचायतीच्या प्रभाग नऊची. तिथले पक्षाचे उमेदवार म्हणजे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक नागसेन होवाळ. आणि प्राध्यापक होवाळ सात मतांनी पडले होते. दोन जिल्ह्यांतील जनतेचा अढळ विश्वास ज्या एकट्या माणसावर तोलून धरला होता, तो माणूस निवेदन निघाले त्या वेळी आपल्या न्हाणीघरात कानातला गुलाल काढत बसला होता. आणि आयुष्यात इतका सुखी तो फार क्वचित झाला होता.

या सुखाचे कारण सांगायला हवे. इस्लामपूरच्या महाविद्यालयात जन्मभर निवडणूक पद्धती शिकवलेल्या माणसाला ‘पक्षाला अभ्यासू चेहरा हवा आहे’ असे कोणी म्हटले, की त्याचा अभ्यास संपतो आणि चेहरा तेवढा उरतो. प्राध्यापकांचे तसेच झाले. प्रचाराच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना आपली चूक उमगली. पण अर्ज मागे घेण्याची मुदत त्याआधीच उलटून गेली होती. त्यातच जर्मनीतून मुलीचा, प्रियंकाचा, फोन आला. तिचे दिवस भरत आले होते, आणि पहिल्या बाळंतपणाला आई-वडील दोघेही जवळ हवेत असा तिचा हट्ट होता. पासपोर्टचे अर्ज गेले, आता फक्त पोलिसांची पडताळणी तेवढी राहिली होती. निवडून आले असते तर पाच वर्षे गटारे. पडले, म्हणून नातवंड. मतदारांनी त्यांच्यावर केलेला हा उपकार प्राध्यापक कृतज्ञतेने स्वीकारायला निघाले होते. तो पक्षाने स्वीकारू दिला नाही.

घडले ते असे. निकाल निवडणूक निर्णय अधिकारी जाहीर करतो, हा पाठ्यपुस्तकातला समज आहे. या भागात निकाल गुलाल जाहीर करतो. प्रभाग नऊची मतदान यंत्रे दोन. पहिले उघडले तेव्हा होवाळ पुढे होते. आतल्या कार्यकर्त्याने खिडकीतून अंगठा वर केला, आणि बाहेर सज्ज असलेल्या जेसीबीने आपला जबडा प्राध्यापकांवर रिकामा केला. त्यात गुलाल होता, झेंडूची फुले होती आणि मागच्या कामातली थोडी माती होती. दुसरे यंत्र उघडेपर्यंत मिरवणूक एसटी स्टँडपर्यंत पोहोचली होती. दुसऱ्या यंत्राने साईराज नावाच्या तरण्या उमेदवाराला सात मतांनी निवडून दिले. ही बातमी प्राध्यापकांना कळली ती लोकांच्या खांद्यावर बसलेले असताना.

“अहो, उतरवा मला! मी पडलोय!” ते हलगीच्याही वरच्या पट्टीत ओरडले.

“पडत न्हाई सर, घट्ट धरलंय!” खालून उत्तर आले, आणि मिरवणूक पुढे गेली.

एकदा पडलेला गुलाल परत उचलता येत नाही. ज्याच्या अंगावर तो पडला तो निवडून आला, ही इथली राज्यघटना आहे. तिच्यात दुरुस्तीची तरतूद नाही. दुसऱ्या दिवशी चौकात ‘निवडून दिल्याबद्दल मतदारांचे जाहीर आभार’ असा फलक लागला. त्यावर प्राध्यापक हात जोडून हसत होते. ते छायाचित्र त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातले होते, आणि त्या दिवशी ते खरोखरच आनंदात होते, म्हणून फलक अधिकच विश्वासार्ह दिसत होता.

सकाळी सातला दारात भामाबाई. वय सत्तर, आवाज मात्र तिशीतला.

“सर, आमच्या बोळातलं गटार तुंबलंय.”

“भामाबाई, मी निवडून आलेलो नाही. साईराज आलाय. त्याच्याकडे जा.”

“निवडून आल्याव समदी असंच म्हनत्यात,” भामाबाई शांतपणे म्हणाल्या. “मागचा तर म्हनायचा, ह्यो वार्डच माजा न्हाई. तुमी निदान दार तरी उघडलंसा.”

दुपारपर्यंत नळाचे दोन, दिव्याचे तीन आणि भावकीच्या भिंतीचा एक असे खटले ओसरीवर जमले. प्राध्यापकांनी प्रत्येकाला मतांचे आकडे समजावून सांगितले. लोकांनी ते आदराने ऐकले आणि नम्रपणाबद्दल त्यांचे कौतुक करीत तक्रारी तिथेच ठेवून गेले.

प्राध्यापकांच्या पत्नी दीपमालाबाई मिरजेच्या रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. आजार अंगावर काढायचा नाही, हे त्यांचे तत्त्व. “आवं, तुमी खरंच पडलाय न्हवं?” त्यांनी पतीकडे तपासणीच्या नजरेने पाहिले. “मग ते कुणाकडनं तरी लिहून आणा. म्या बाळाची दुपटी शिवून ठेवल्याती. लेकीला काय सांगू, तुजा बाप निवडणूक हरला पण सुटला न्हाई म्हणून?”

शेजारचे सुभेदार आकाराम हे सैन्यातून निवृत्त झालेले. सल्ला देण्याची त्यांची सेवा मात्र अखंड चालू होती. ते कुंपणावरून म्हणाले, “सर, आर्मीत एक रूल हाय. तोंडी काय बी चालत न्हाई. पडला तर पडल्याची रिटन ऑर्डर पायजे. मी चीनच्या बॉर्डरवर हुतो तवा माजी बदली झालती, पन ऑर्डर आली न्हवती. आठ म्हैनं मी ऑफिशियली तिथं नव्हतोच. जेवण मात्र रोज मिळायचं.”

सल्ल्यातला दाखला गैरलागू असला तरी निष्कर्ष योग्य होता, असे प्राध्यापकांना वाटले. पराभवाचा एक कागद मिळवायचा, तो दारावर चिकटवायचा, आणि जर्मनीची वाट धरायची. काम एका दिवसाचे. प्राध्यापक होवाळांच्या आयुष्यातल्या सर्व मोठ्या संकटांची सुरुवात एका दिवसाच्या कामाने झाली आहे.

ते आधी पक्षाच्या सांगलीच्या कार्यालयात गेले. तिथल्या सिद्धू नावाच्या चिटणिसाने चहा मागवला, हार घातला आणि सांगितले, “सर, आमच्यात तुमी जिंकलेलंच हाय. कमी करायचं तर साताऱ्याला जावा. आकडा तिथनं जाहीर झालाय.” साताऱ्याच्या कार्यालयाने पुन्हा हार घातला आणि सांगितले की आकडा सांगलीने पाठवला होता. दोन जिल्ह्यांच्या मधोमध एक प्राध्यापक असा लोंबकळत असताना आतून विभागीय अध्यक्ष विश्वजीतदादा स्वतः बाहेर आले. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात निकालापासून न उतरवलेला पक्षाचा पट्टा, आणि समोरच्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवण्याची सवय.

“सर, पराभव हा मनाचा खेळ असतोय,” दादा म्हणाले. “तुमी तो मानताय, हितंच तुमचं चुकतंय.”

“दादा, सात मतांनी हरलोय. हा बघा निकालाचा तक्ता.”

दादांनी तक्ता वाचला. “ह्यात साईराज निवडून आला असं लिव्हलंय. तुमी पडला, असं कुठं लिव्हलंय?”

“जागा एकच होती!”

“ते झालं तुमचं गणित. आमी राजकारण करतो.” दादांनी हात आणखी घट्ट धरला. “तुमी पडल्याचा सरकारी कागद आणा. त्याच मिनिटाला एक कमी करतो. पक्षात लोकशाही हाय, सर.”

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने प्राध्यापकांचा अर्ज तीनदा वाचला. माणूस सज्जन होता. त्याने पुस्तकेही चाळली. “विजयी उमेदवाराला द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना आहे. पराभूताला द्यायचा नाही. आजवर कोणी मागितलाच नाही.” मग त्याला मार्ग सुचला. “तुम्ही स्वतःच्या निवडीला न्यायालयात आव्हान द्या.”

“माझी निवडच झालेली नाही.”

“म्हणूनच आव्हान फेटाळलं जाईल. आणि ते का फेटाळलं, हे निकालपत्रात लिहून येईल. वर्ष-दीड वर्षात हातात कागद.”

प्लेटोने राज्य तत्त्वज्ञांच्या हाती द्यावे म्हटले. तत्त्वज्ञ एकदा निवडणुकीला उभा राहिल्यावर त्याला परत घरी कसे आणावे, याबद्दल त्याने काहीही लिहून ठेवलेले नाही. एसटीच्या खिडकीशी बसून प्राध्यापकांनी ही त्रुटी प्रथमच लक्षात घेतली. निवडणुकीतले बाकी सगळे, आश्वासने, घोषणा, फलकावरचे हसू, उसने होते. पराभव तेवढा त्यांचा स्वतःचा होता. तो त्यांनी स्वतःच्या पायांनी दारोदार हिंडून कमावला होता, आणि तोच त्यांच्याकडून काढून घेतला जात होता.

घरी पोहोचतात तोच फोन वाजला. बोलणारे गृहस्थ रविराज, विरोधी पक्षाचे जिल्ह्यातले कारभारी.

“सर, तुमच्यासारख्या माणसाची तिथं घुसमट होतीय म्हणं. आमच्यात या की. जागेसकट या.”

“कसली जागा? मी पडलोय!”

“ते आमाला म्हाईत नाही व्हय?” रविराज खळखळून हसले. “तुमाला पाडलं कुणी? आमीच. पन त्यांनी तुमाला धरलंय न्हवं? मग तुमी आमच्यात आला की त्यांची एक कमी, आमची एक जास्त. ह्यात तुमी निवडून यायचा संबंध येतो कुठं?”

प्राध्यापकांनी फोन ठेवला. संतापाने झिडकारलेले हे आमंत्रण पुढे उपयोगी पडणार आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढच्या आठवड्यात उपनगराध्यक्षाची निवड होती, आणि त्यासाठी पक्षाने आपल्या नगरसेवकांना पक्षादेश बजावला. एक प्रत होवाळांच्या दारावर डकवली गेली. आदेश मोडल्यास सदस्यत्व रद्द करण्यात येईल, अशी त्यात धमकी होती. प्राध्यापकांनी ती वाक्ये एखाद्या प्रेमपत्रासारखी दोनदा वाचली. पण जे सदस्यत्व नाहीच, ते रद्द होण्याचे भाग्य आपल्या कपाळी नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले. तो कागद परत करावा म्हणून ते निवडीच्या दिवशीच नगरपंचायतीत गेले, आणि इथेच त्यांचा घात झाला. सभागृहाच्या दारात पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना उचलले, आत नेले आणि खुर्चीत बसवले. सतरा सदस्यांच्या सभागृहात अठरावी खुर्ची आली कुठून, असे कोणी विचारले नाही. शेजारच्या खोलीतून आली होती. प्राध्यापक उठायला गेले, त्याच क्षणी फोटो निघाला. फोटोत ते हात वर करून मतदान करताना दिसत होते. प्रत्यक्षात ते बाहेर जाऊ द्या म्हणत होते.

आता साईराज हा मुलगा भला होता, पण सात मतांनी निवडून आलेल्या माणसाची झोप हलकी असते. चौकात सरांचा फलक, गटारासाठी सरांचे दार, आणि आता सभागृहातही सर! त्याने थेट पोलीस ठाण्यात तक्रार दिली: नागसेन होवाळ हे लोकसेवक नसताना लोकसेवकाचे सोंग घेऊन वावरतात.

पोलीस निरीक्षक बाईंनी प्राध्यापकांना बोलावून घेतले. दीपमालाबाईही सोबत गेल्या. त्यांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. एक साईराजची तक्रार. दुसरा पासपोर्टच्या पडताळणीचा.

“सर, तुम्ही माझ्या भावाला शिकवलंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही असं काही कराल असं मला वाटत नाही. पण ही तक्रार उभी असेपर्यंत मी हा दुसरा कागद पुढे पाठवू शकत नाही. तुम्ही निवडून आल्याचं कोणी पसरवलं, त्यानं तसं कबूल केलं पाहिजे. नाहीतर गुन्हा तुमच्यावर.”

“पण प्रियंकाची तारीख पुढच्या म्हैन्यात हाय,” दीपमालाबाई म्हणाल्या. आवाज साधाच होता. प्राध्यापकांना मात्र तो ऐकवेना.

एवढ्यात बाहेर घोषणा सुरू झाल्या. ‘होवाळ सर तुम आगे बढो!’ आपल्या नगरसेवकाला पोलिसांनी धरले, ही बातमी कळताच विश्वजीतदादा जीपभर माणसे घेऊन साताऱ्याहून निघाले होते. ते आत आले, त्यांनी प्राध्यापकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बाईंना म्हणाले, “म्याडम, आमच्या नगरसेवकाला सोडा. न्हाईतर समदी रस्त्यावर बसतील.”

“हे नगरसेवक आहेत, असं तुम्ही लेखी देता?” बाईंनी विचारले.

दादा अनेक निवडणुका पाहिलेले होते. लेखी हा शब्द ऐकताच त्यांनी हात सोडला. “लेखी कशाला? समद्या गावाला म्हाईत हाय.”

“दादा,” प्राध्यापक म्हणाले, “मी पडलोय, एवढंच एकदा सांगा. माझ्या लेकीचं बाळंतपण आहे.”

“सर, तुमची लेक ती माजी बहीण. पन एकोणीस जागा घिऊन मी वर कुठल्या तोंडानं जाऊ? गेल्या खेपेइतक्याच म्हंजे वाढ शून्य. शून्याची मिरवणूक काढत्यात व्हय? वरीसभर जरा धीर धरा. मग तुमाला गुपचूप राजीनामा द्यायला लावतो.”

प्राध्यापकांच्या डोक्यात काहीतरी शांत झाले. वर्गात मागच्या बाकावरचा दंगा वाढला, की ते आवाज चढवत नसत, उतरवत. तसा त्यांनी तो आता उतरवला.

“बरं. मग मी नगरसेवक आहे. मान्य.”

दीपमालाबाईंनी दचकून पाहिले. दादांचा चेहरा उजळला.

“आणि नगरसेवक या नात्यानं,” प्राध्यापक पुढे म्हणाले, “आत्ता, याच ठाण्याच्या दारात, तुमच्या माणसांसमोर मी लोकसंवर्धन पक्षाचा राजीनामा देतो. रविराज माझी वाट बघतायत. मी जागेसकट जातो. उद्या पेपरात येऊ द्या: लोकसंवर्धन पक्षात फूट, अभ्यासू नगरसेवक बाहेर. तुमची वाढ होती एकाची. मी गेलो की तीही गेली, आणि वर फुटीचा डाग.”

“सर!” दादांचा आवाज चिरकला. “असं कसं जाशीला? तुमी निवडून कुठं आलायसा?”

निरीक्षक बाईंनी हळूच पेनाचे टोपण काढले.

“काय म्हणालात, दादा?” प्राध्यापकांनी विचारले.

दादांनी एकदा बाईंच्या पेनाकडे पाहिले, एकदा खिडकीबाहेरच्या आपल्या माणसांकडे. मनातल्या मनात त्यांनी पडलेली जागा आणि फुटलेली जागा समोरासमोर ठेवून तोलली. पडलेल्या जागेला वरून कारण विचारतात. फुटलेल्या जागेला पद काढून घेतात.

“आवं, ती भाईरची पोरं तेवढी चहाला घालवा,” ते खचून खुर्चीत बसले. “आन् दार लावा.”

दार लागले. तासाभराने ते उघडले तेव्हा तक्रारीचा रोख प्राध्यापकांवरून हटला होता आणि पडताळणीच्या कागदावर बाईंची सही झाली होती. साईराजने स्वतः चौकातला फलक उतरवायला शिडी धरली. भामाबाईंनी जाता जाता सरांना ऐकवले की गटार काही साईराजच्यानं व्हायचं नाही, आणि प्राध्यापक कित्येक दिवसांनी पोटभर हसले. दीपमालाबाईंनी तिथूनच प्रियंकाला फोन लावला. “येतोय आमी दोघं,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि फोन पतीच्या हातात दिला. विश्वजीतदादांच्या जबाबाची साक्षांकित प्रत प्राध्यापकांनी रीतसर अर्ज करून मागून घेतली. तिच्यातला मजकूर शब्दशः असा:

‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, प्राध्यापक नागसेन होवाळ हे प्रभाग नऊमधून पडले आहेत, हे मला मतमोजणीच्या दिवशी दुपारीच समजले होते. परंतु तोपर्यंत गुलाल उधळून झाला होता आणि किती जागा वाढल्या अशी वरून विचारणा आली होती. वाढल्या नाहीत असे सांगितले असते तर त्याचे कारण द्यावे लागले असते, म्हणून मी सरांना धरले. दुसरा कोणी धरला असता, परंतु बाकीचे पडलेले उमेदवार त्या दिवशी फोन उचलत नव्हते. निवडून आलो असे सर कधीही म्हणाले नाहीत. पहिल्या दिवसापासून ते पडलो, पडलो असेच सांगत होते. आमच्या पक्षात आजवर असे कोणी कबूल केलेले नसल्यामुळे त्यांना कसे थांबवावे हे आम्हाला कळले नाही. तरी सर आमच्या पक्षातून फुटलेले नाहीत. ते मुळात निवडूनच आलेले नाहीत, हे कृपया ठळक अक्षरांत लिहावे.’